पोखरा पाहायचे तर घड्याळ डोंगराचे लावा

नेपाळात पोखऱ्याला जाऊन आलेले बरेच जण एकच तक्रार करतात: हिमालय दिसलाच नाही. घोळही बहुधा एकच असतो. हॉटेलात निवांत नाश्ता करून दहा वाजता टॅक्सी करायची आणि ड्रायव्हरच्या छापील यादीतले आठ-दहा पॉइंट एका दिवसात उरकायचे. तोवर डोंगर ढगाआड गेलेला असतो, धबधब्याच्या जागी कोरडी खाच दिसते आणि गुहेच्या तोंडाशी सहलीच्या तीन बस उभ्या असतात. संध्याकाळी तळ्यावर पोहोचावे तर नावा बांधून ठेवण्याची वेळ.

दोष यादीचा नाही, वेळेचा आहे. इथली प्रत्येक जागा दिवसाच्या आणि वर्षाच्या ठरावीक वेळी चांगली असते. खालचे टप्पे त्या हिशेबाने लावले आहेत. दोन पूर्ण दिवस हवेतच; तीन असतील तर उत्तम, कारण एक सकाळ ढगांच्या नावाने सोडावी लागते.

आधी नकाशा डोक्यात बसवा. शहर साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. नैर्ऋत्येला फेवाताल हे तळे, मधून उत्तर-दक्षिण वाहणारी सेती नदी, आणि उत्तरेला हवाई अंतराने जेमतेम तीसेक किलोमीटरवर ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे हा सुळका. मधे उंच डोंगरांची दुसरी रांग नाही, म्हणून शिखरे थेट अंगावर आल्यासारखी दिसतात. पाऊसही त्याच कारणाने: दक्षिणेकडून येणारे ढग या भिंतीवर आपटतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि एरवीही दुपारकडे ढग चढतात.

१. महिना ठरवा

ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत हवा सर्वांत स्वच्छ असते. पावसाने धूळ धुऊन नेलेली असते आणि थंडीही बेताची. आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी हे जमते, पण एक खाच आहे. आपल्या नवरात्र-दसऱ्याला तिकडे दशैं असते, दिवाळीला तिहार. दशैंमध्ये सगळा नेपाळ गावी निघतो. आधीचे दोन-तीन दिवस बसची तिकिटे मिळत नाहीत आणि विजयादशमीला, म्हणजे टिक्याच्या दिवशी, बस आणि दुकाने दोन्ही जवळजवळ बंद असतात. ते दिवस प्रवासात धरू नका. तिहारमध्ये मात्र अवश्य जा. एक दिवस कावळ्यांचा, एक कुत्र्यांचा: गल्लीतल्या भटक्या कुत्र्याच्याही गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टिळा असतो.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे सात-आठ अंशांपर्यंत थंडी पडते, गर्दी कमी असते आणि डोंगर बऱ्याचदा स्वच्छ दिसतात. खोऱ्यात धुके असले तरी सारंगकोट ही शिखरे पाहण्याची टेकडी त्याच्या वर निघते. मार्चच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत जंगलातल्या वणव्यांचा धूर आणि धूळ मिळून धुरकट पडदा येतो. आपली उन्हाळी सुट्टी नेमकी याच काळात. तेव्हा जायचे तर तळे, गुहा, जुना बाजार यांच्यासाठी जा आणि शिखरे दिसली तर वरकड समजा. जून ते सप्टेंबर पावसाळा. रस्त्यावर दरडी, पायवाटांवर जळवा. तरीही डेव्हिस फॉल हा धबधबा खरा पाहण्याजोगा तेव्हाच असतो.

२. कागदपत्रे आणि पैसे

भारतीयांना व्हिसा लागत नाही. पण प्रौढ माणसाने पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोहोंपैकी एक मूळ प्रत जवळ ठेवायचीच. सर्वांत जास्त लोक इथेच अडतात: विमानाने जाणाऱ्या प्रौढांना आधार कार्ड चालत नाही. पंधरा वर्षांखालील मुलांना आणि पासष्टीच्या पुढच्यांना आधार किंवा तत्सम फोटो ओळखपत्र पुरते. मधल्या वयाच्या, पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी मुख्याध्यापकांचे ओळखपत्र ठरावीक नमुन्यात लागते. त्यापेक्षा पासपोर्ट काढणे सोपे. मतदार कार्डावरचे नाव आणि विमान तिकिटावरचे नाव अक्षरशः एक असू द्या.

सोबत आणखी हे ठेवा:

- ओळखपत्राच्या दोन-तीन झेरॉक्स आणि पासपोर्ट आकाराचे चार फोटो. सिम कार्ड आणि परवान्यांना दोन्ही लागतात.
- बॅटरी किंवा कपाळाला बांधायचा दिवा. मोबाइलचा उजेड गुहेत एक हात अडकवून ठेवतो.
- पकड असलेले बूट, हलके जाकीट आणि टोपी. ऑक्टोबरातही सारंगकोटला पहाटे वारा बोचतो.
- घाटात उलटी होते त्यांच्यासाठी गोळ्या.

पैशाचा हिशेब सोपा आहे: १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये. हा दर १९९३ पासून बांधलेला आहे, त्यामुळे "आज भाव पडलाय" असे कुणी म्हटले तर पुढच्या दुकानात जा. भाव ऐकल्यावर पहिला प्रश्न विचारायचा, "आयसी की एनसी?" म्हणजे इंडियन करन्सी की नेपाळी करन्सी. टॅक्सीवाला "हजार" म्हणतो तेव्हा त्याच्या मनात एक चलन असते आणि तुमच्या मनात दुसरे. भांडण उतरताना होते.

भारतीय नोटा शंभराच्या आणि त्याखालच्या न्या. मोठ्या नोटांचे नियम अनेकदा बदलले आहेत आणि दुकानदार त्या घ्यायला कचरतात. शंभराच्या नोटांना कुणी नाही म्हणत नाही. पोखऱ्यात पोहोचल्यावर लागतील तेवढेच नेपाळी रुपये करून घ्या, कारण उरलेले महाराष्ट्रात बदलून मिळणे कठीण. यूपीआयबद्दल एक गंमत लक्षात ठेवा. तिथल्या दुकानांत 'फोनपे' लिहिलेला क्यूआर कोड सर्रास दिसतो, पण ती नेपाळची स्वतंत्र यंत्रणा आहे. आपल्याकडच्या त्याच उच्चाराच्या ॲपशी तिचा संबंध नाही. २०२४ पासून या कोडवर भारतीय यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे, मात्र प्रत्येक दुकानात ती चालू असेलच असे नाही. जेवणाची ऑर्डर देण्याआधी विचारा, बिल आल्यावर नको.

आणि घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करा. नेपाळची वेळ आपल्यापेक्षा पाव तास पुढे आहे. मोबाइल भारतीय नेटवर्कवर राहिला तर तो जुनीच वेळ दाखवत राहतो आणि सकाळी सातची बस पावणेसातलाच निघून जाते.

३. पोहोचायचे कसे

काठमांडूमार्गे: काठमांडूपासून पोखरा रस्त्याने सुमारे २०० किलोमीटर. अंतर पाहून चार तास धरू नका. रुंदीकरणाची कामे आणि मुगलिंगच्या आसपासची कोंडी यामुळे सात-नऊ तास लागतात. टुरिस्ट बस काठमांडूतल्या ठमेल या पर्यटक वस्तीच्या आसपासहून सकाळी सातच्या सुमारास सुटतात. वाटेत कुरिनटारला मनकामना देवीचा रोपवे आहे. तो करायचा असेल तर खासगी गाडी घ्या, बस थांबणार नाही. विमानाला अर्धा तासही लागत नाही. काठमांडूहून येताना उजवीकडची खिडकी मागा, परतताना डावीकडची. डोंगर उत्तरेला आहेत एवढे लक्षात ठेवले की पुरे. नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ १ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे. जुन्या ब्लॉगांत तळ्याकाठच्या लेकसाइड भागाजवळचा विमानतळ लिहिलेला असतो, तो हा नव्हे.

गोरखपूरमार्गे: मुंबई-पुण्याहून गोरखपूरला थेट रेल्वेगाड्या आहेत. तिथून सोनौली सीमा शंभरेक किलोमीटर. सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडे भैरहवाला बस किंवा जीप पकडायची. इथे तिकीट काढण्याआधी विचारा, "गाडी कोणत्या वाटेने जाणार?" पाल्पावरून जाणारा सिद्धार्थ राजमार्ग सुमारे १८० किलोमीटरचा, जवळचा, पण वळणावळणांचा, पोट हलके असणाऱ्यांची परीक्षा. नारायणगढ-मुगलिंगची वाट लांब, तुलनेने सपाट. बुटवलच्या लगेच वर सिद्धबाबा नावाचा टप्पा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे, म्हणून पावसाळ्यात पाल्पाची वाट टाळा. लुंबिनी सीमेपासून तासाभरावर आहे. ती आधी पाहून मुक्काम तिथे केला तर दुसऱ्या दिवशी उजेडात घाट पार होतो.

४. मुक्काम कुठे

'लेकसाइड'मध्ये राहा असे सगळे सांगतात, पण लेकसाइड लांबलचक आहे. मधला भाग, बाराही घाट ते हल्लन चोक, म्हणजे दुकाने, हॉटेले आणि रात्री अकरापर्यंत गाणी. म्हातारी माणसे बरोबर असतील तर त्याच्या दक्षिणेचा डॅमसाइड पाहा. तो शांत आहे आणि शिवाय डोंगर दिसतात. मध्य लेकसाइडवरून सारंगकोटची धार आड येते. 'माउंटन व्ह्यू' पाटीच्या खोलीतून तिथे अनेकदा टेकडीच दिसते. खोली घेण्याआधी गच्चीवर जाऊन बघा. उत्तरेचा खहरे भाग तरुण मंडळींचा, स्वस्त आणि मोकळा.

पृथ्वी चोकाजवळ स्वस्तात खोली मिळाली म्हणून घेऊ नका. ते बसस्थानक आहे, तळ्यापासून लांब. वाचलेले पैसे टॅक्सीत जातात.

५. पहिली पहाट सारंगकोटला

पोहोचलात त्याच रात्री दुसऱ्या पहाटेची टॅक्सी ठरवा. सारंगकोट साधारण १,६०० मीटरवर आहे. लेकसाइडहून अर्धा-पाऊण तास. ऑक्टोबरात सूर्य सहाच्या आसपास उगवतो, तर पावणेपाचला निघा. जानेवारीत सातच्या सुमारास, तर साडेपाचला. खरा खेळ सूर्य दिसण्यापूर्वीच सुरू होतो. शिखरांची टोके दहा-पंधरा मिनिटे आधी तांबूस होतात आणि रंग हळूहळू खाली उतरतो. सूर्योदय बघायचा म्हणून पूर्वेकडे तोंड करून उभे राहू नका, उत्तरेकडे बघा.

डावीकडून उजवीकडे ओळ अशी: लांब पश्चिमेला धौलागिरी (८,१६७ मीटर), मग अन्नपूर्णा साउथ, हिउँचुली, मधोमध माछापुच्छ्रे, पुढे अन्नपूर्णा ३, ४ आणि २, शेवटी लमजुंग. माछापुच्छ्रे सर्वांत उंच वाटतो तो जवळ असल्यामुळे. अन्नपूर्णा रांगेतले सर्वोच्च, ८,०९१ मीटरचे अन्नपूर्णा १ मागे असल्याने ठेंगणे दिसते. ३ जून १९५० रोजी मोरिस हर्झोग आणि लुई लाशनाल तिथे पोहोचले, तेव्हा मानवाने चढलेले ते पहिले आठ हजारी शिखर ठरले. माछापुच्छ्रे मात्र अस्पर्श मानला जातो. १९५७ ची ब्रिटिश तुकडी माथ्याच्या अगदी खाली थांबली आणि नंतर त्यावर चढाईला बंदी आली. नावातले माशाचे शेपूट मात्र इथून शोधू नका. दुहेरी टोक पश्चिमेकडून, घान्द्रुकच्या बाजूने दिसते. पोखऱ्यातून तो एकच सुळका आहे.

इथले सापळे दोन. पहिला: टॅक्सी 'जाऊन-येऊन आणि थांबून' अशी ठरवा, एकेरी ठरवलीत तर उतरताना ड्रायव्हर म्हणेल तो भाव. दुसरा: ड्रायव्हर एखाद्या हॉटेलच्या गच्चीवर नेऊन "इथूनच दिसते" म्हणतो. वरच्या मनोऱ्यापर्यंत जायचे आहे हे आधीच सांगा. सेदीहून वर येणारा रोपवे गुडघे दुखणाऱ्यांसाठी छान आहे, पण सूर्योदयासाठी त्यावर विसंबायचे तर त्या दिवशीची पहिली फेरी कितीला हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवा.

ढग असले तर? निदान आठपर्यंत थांबा. पडदा बऱ्याचदा मिनिटभर फाटतो. नाहीच जमले तर दुसऱ्या पहाटे पैसे खर्चण्याआधी हॉटेलच्या गच्चीवरून उत्तरेला तारे दिसतात का ते बघा. तारे दिसले तरच निघा.

६. तळे, स्तूप आणि धबधबा एका वाटेवर

टॅक्सीच्या यादीत हे तीन वेगवेगळे पॉइंट असतात. चालता येत असेल तर ती एकच सलग वाट आहे आणि पोखऱ्यातला सर्वांत सुंदर अर्धा दिवस हाच.

सकाळी सात-साडेसातला बाराही घाटावर या. तिकीट खिडकीवर दरफलक असतो, दर तासाचे; त्याच्या बाहेर कुणाशी सौदा करू नका. स्वतः वल्हवायची नाव (तिकडे 'डुंगा' म्हणतात) स्वस्त पडते, पण वल्हे मारायची सवय नसेल तर नावाडी घ्या. वारा दुपारी उठतो आणि नवखा माणूस तळ्याच्या मधे गोल फिरत राहतो. लाइफ जॅकेट घालायचेच, पट्टे बांधायचेच. डोंगराचे प्रतिबिंब हवे असेल तर वारा सुटण्याआधी नाव तळ्याच्या दक्षिण अंगाला घ्यायला सांगा.

बेटावरचे ताल बाराही हे दोन मजली पॅगोडा शैलीचे छोटे देऊळ. बाराही म्हणजे वाराही, शक्तीचे रूप. शनिवारी नेपाळात सुट्टी असते, त्या दिवशी इथे नावेसाठी रांग लागते. दुसरा कुठलाही वार निवडा. बेटावर वीस मिनिटे पुरतात.

तिथून नावाड्याला समोरच्या काठावर, स्तूपाच्या पायथ्याशी सोडायला सांगा. भाडे ठरवतानाच 'एकेरी' म्हणा. पायऱ्यांची जंगलवाट पाऊण ते एक तासाची. पाणी खालीच घ्या. एकट्याने किंवा संध्याकाळी उशिरा ही वाट नको. पूर्वी लुटालुटीचे प्रकार झालेले आहेत. दोघे-तिघे असाल आणि सकाळ असेल तर चिंता नाही. वर सुमारे १,१०० मीटरवर पांढरा शुभ्र विश्व शांती स्तूप. वर्ध्याला गीताई मंदिराजवळचा स्तूप पाहिला असेल तर हा ओळखीचा वाटेल, कारण दोन्ही निचिदात्सु फुजी गुरुजींच्या निप्पोनझान म्योहोजी या जपानी पंथाचे. इथले काम १९७३ साली सुरू झाले, पुढच्याच वर्षी सरकारने ते पाडले आणि आजचा स्तूप १९९९ मध्ये पुरा झाला. चार दिशांच्या चार बुद्धमूर्ती जपान, श्रीलंका, थायलंड आणि नेपाळ अशा चार देशांच्या आहेत. चबुतऱ्यावर बूट काढायचे आणि बोलायचे नाही. रीलसाठी नाचणाऱ्यांना तिथले लोक खाली उतरवतात, आणि ते बरोबरच आहे.

आता आल्या वाटेने परतू नका. दक्षिणेची पायवाट पाऊण तासात छोरेपाटनला उतरते आणि तिथेच डेव्हिस फॉल आहे. स्थानिक नाव पाताले छांगो, पाताळात जाणारा धबधबा. १९६१ साली एक स्विस बाई इथे वाहून गेली, तिच्या नावावरून डेव्हिस, आणि पुढे त्याचेच देवी झाले. फेवातालच्या बांधातून सुटणारे पाणी इथे खडकातल्या फटीत शिरते आणि दिसेनासे होते. त्यामुळे पावसाळ्यात आणि नंतर ऑक्टोबरपर्यंत गर्जना, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसती धार. कोरड्या महिन्यांत तिकीट काढण्याआधी कान द्या. आवाज येत नसेल तर पुढे चला.

रस्त्यापलीकडे गुप्तेश्वर महादेवाची गुहा. तेच पाणी या गुहेच्या तळाशी बाहेर पडताना दिसते, म्हणून आधी धबधबा आणि मग गुहा हा क्रम पाळा. उलट केले तर उलगडा होत नाही. पहिल्या भागात शिवलिंग आहे, तिथे फोटो काढत नाहीत. त्याच्या पुढचा, पाण्यापर्यंतचा भाग पाणी वाढले की बंद ठेवतात. तो खुला आहे का हे खिडकीवरच विचारा. पायऱ्या ओल्या आणि छत ठिकठिकाणी खाली असते. गुडघ्याचा किंवा धापेचा त्रास असणाऱ्यांनी शिवलिंगापाशी थांबावे.

चालायचे नसेल तर टॅक्सी स्तूपाच्या वाहनतळापर्यंत जाते. तिथून दहा-पंधरा मिनिटांच्या पायऱ्या. त्याच टॅक्सीने धारेवर पुढे पुम्दीकोटला जाता येते. तिथे चबुतऱ्यासह १०८ फुटांची शंकराची मूर्ती आहे. मूर्तीपेक्षा तिथून दिसणारे तळे आणि डोंगर जास्त चांगले, हे आमचे प्रामाणिक मत.

७. दुपारसाठी छताखालच्या जागा

दुपारी डोंगर झाकलेला असतो, तेव्हा रातोपहिरोचे आंतरराष्ट्रीय पर्वत संग्रहालय. २००४ मध्ये ते उघडले. आठ हजारी शिखरांच्या मोहिमांची साधने, डोंगरी जमातींचे पोशाख आणि खडक-वनस्पतींची दालने आहेत. सकाळी सारंगकोटला पाहिलेली शिखरे इथे नावानिशी ओळखू येतात. दोन तास द्या. तिकिटाचे दर नेपाळी, सार्क (भारतासह दक्षिण आशियाई देश) आणि इतर परदेशी असे तीन. ओळखपत्र दाखवून 'सार्क' म्हणा, नाहीतर खिडकीवर महाग तिकीट फाडले जाऊ शकते.

गुरखा स्मृती संग्रहालय त्यापेक्षा लहान आहे. सैन्यात कुणी असलेल्या घरातल्यांना ते आवडते, मुलांना कंटाळा येतो.

८. उत्तरेची फेरी

दुसऱ्या दिवशी सकाळी बिंध्यवासिनीपासून सुरुवात करा. शहरातल्या टेकडीवरचे हे भगवतीचे देऊळ. देवी आपल्या विंध्याचलहून आणली अशी कथा आहे. आवारातून सकाळी माछापुच्छ्रे दिसतो. खाली उतरले की पुरानो बजार. विटांची आणि कोरीव लाकडी खिडक्यांची थोडीच नेवार समाजाची घरे उरली आहेत. १९४९ च्या आगीत जुन्या गावाचा बराच भाग जळाला. भीमसेन टोल या वस्तीपर्यंत अर्धा तास रमतगमत चाला, गाडीतून बघण्यासारखे काही नाही.

मग सेती नदी. शहराच्या मधोमध वाहते आणि कुणाला दिसत नाही, कारण ती मऊ, चुनखडी मिसळलेल्या गाळात खोल चिरत गेली आहे. काही ठिकाणी दोन्ही काठ हाताच्या अंतरावर आल्यासारखे वाटतात. पाणी चुन्याने दुधाळ, म्हणून नाव सेती, म्हणजे पांढरी. के. आय. सिंह पुलावरून ही घळ सर्वांत चांगली दिसते. कठड्यावर मोबाइल सांभाळा, पडला तर गेला. वरच्या अंगाला खारापानीला जाणार असाल तर लक्षात ठेवा, ५ मे २०१२ रोजी कोरड्या हवेत अचानक लोंढा येऊन तिथे माणसे वाहून गेली. आकाश निरभ्र आहे म्हणून या नदीच्या पात्रात बसू नका.

पुढे बाटुलेचौरला महेंद्र गुफा आणि तिथून दहा मिनिटांवर चमेरे गुफा. महेंद्र गुफेत दिवे आहेत, वाट रुंद आहे. लहानांना आणि मोठ्यांना दोघांनाही जमते. चमेरे म्हणजे वटवाघूळ. ही गुहा काळोखी, निसरडी, आणि बाहेर पडायची वाट म्हणजे खडकातली अरुंद फट, जिच्यातून अंग चोरून वर चढावे लागते. अंगाने भारी असाल किंवा कोंडल्यासारखे होत असेल तर आत जाऊन त्याच तोंडाने परत या, लाज वाटू देऊ नका. तिथला वाटाड्या घ्या, पाय कुठे ठेवायचा ते तोच सांगतो. पांढरे कपडे नकोत. एकच गुहा करायची असेल आणि तब्येत ठीक असेल तर चमेरे.

परतताना हेम्जाची ताशी पाल्खेल ही तिबेटी वसाहत वाटेवर पडते. तिथल्या गुंफेत, म्हणजे बौद्ध मठात, दुपारच्या प्रार्थनेला मागे शांत बसता येते. गालिचे घेताना घासाघीस चालते.

९. बेगनास

तिसरा दिवस असेल तर पूर्वेला पंधरा किलोमीटरवर बेगनासताल. पृथ्वी चोकातून लोकल बस मिळते, तासभर लागतो. दुकाने कमी, आवाज कमी, पाणी स्वच्छ. बेगनास आणि रूपाताल यांच्या मधल्या पचभैयाच्या धारेवर चढलात तर दोन बाजूंना दोन तळी दिसतात. पोखरा खोऱ्यातली नऊ तळी मिळून २०१६ पासून रामसर पाणथळ क्षेत्र आहे. हिवाळ्यात पक्षी पाहणाऱ्यांनी दुर्बीण न्यावी. ज्यांना फेवातालची गर्दी खटकली त्यांनी दुसऱ्याच दिवशी इथे यावे.

१०. उडायचे असेल तर

सारंगकोटच्या धारेवरून दोघांचे पॅराग्लायडिंग होते आणि उतरायचे फेवातालच्या काठी खपौदीकडे. हवेत साधारण वीस-तीस मिनिटे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-एप्रिल हा काळ चांगला. पावसाळ्यात फारसे नाही. बुकिंग करताना चार गोष्टी लेखी घ्या: गाडीने वर नेणे धरले आहे का, विमा आहे का, फोटो-व्हिडिओ धरून की वेगळे, आणि हवा बिघडली तर पैसे परत की तारीख पुढे. वजन खरे सांगा, पायलट आणि पॅराग्लायडरच्या कापडाची निवड त्यावर ठरते. बांधलेले बूट घाला, चप्पल नाही. जड नाश्ता नको; गरम हवेच्या झोतात गोल फिरताना ढवळते. परतीचे विमान किंवा बस असेल त्या दिवशी उड्डाण ठेवू नका, वाऱ्यासाठी दोन-दोन तास थांबावे लागते.

११. पुढे मुक्तिनाथ किंवा ऑस्ट्रेलियन कॅम्प

महाराष्ट्रातल्या अनेक यात्रा-सहली पोखऱ्यात फक्त मुक्तिनाथसाठी थांबतात. मुक्तिनाथसाठी विमानाने जोमसोमला उतरतात, आणि ते विमान सकाळीच उडते, कारण कालीगंडकीच्या दरीत दुपारी प्रचंड वारा सुटतो. एक सकाळ ढगात गेली की सगळी साखळी कोलमडते, म्हणून पोखऱ्यात एक मोकळा दिवस ठेवा आणि परतीचे काठमांडूचे तिकीट त्याच दिवसाचे काढू नका. मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. पोखऱ्याहून थेट तिथे पोहोचणाऱ्या वयस्कर माणसांना डोकेदुखी, मळमळ होते. रक्तदाब किंवा हृदयाचे औषध चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या आणि कुंडांच्या थंडगार पाण्यात घाईने शिरू नका.

चालण्याची हौस असेल तर कांडेपर्यंत गाडी आणि तिथून दीड-दोन तास चढून सुमारे २,०६० मीटरवरचा ऑस्ट्रेलियन कॅम्प. एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी धम्पुसला उतरा. या दोन्ही प्रवासांना अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना लागतो. तो डॅमसाइडच्या पर्यटन कार्यालयात आधीच काढा, फोटो आणि ओळखपत्राची प्रत घेऊन. नाक्यावर विनापरवाना सापडलात तर दुप्पट भरावे लागते.

१२. सुटे सुटे

टॅक्सीला मीटर असला तरी तो चालत नाही. बसण्याआधी भाव, चलन आणि थांबण्याचा वेळ ठरवा. पठाओ किंवा इनड्राइव्ह ॲपवर तोच रस्ता टाकून बघितला की घासाघीस कुठून सुरू करायची ते कळते. ड्रायव्हरला 'दाइ', दुकानातल्या बाईंना 'दिदी' म्हणा.

जेवणात थकाली दालभात मागवा. भात, डाळ, भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते आणि आपल्या जिभेला रुचते. सोबत गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याची भाजी, एकदा चाखा. मोमो घेताना पाटी वाचा: 'बफ' म्हणजे म्हशीचे मांस. 'व्हेज' सांगूनही एकाच भांड्यात उकडले जाऊ शकतात. कडक शाकाहारी असाल तर नुसत्या शाकाहारी हॉटेलात जा, लेकसाइडला अशी बरीच आहेत.

ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका. विमानतळ जवळ आहे आणि आकाशात पॅराग्लायडर असतात.